मुंगी चावल्याएवढी हिंसा

आमच्या वरच्या मजल्यावरच्या सिस्टरनी एका संध्याकाळी बेचाळीस माणसं मारली आणि मग खाली येऊन माझ्याकडून वाटीभर साखर नेली.

आकडा त्यांनीच सांगितला. मी डब्यातून साखर काढत होते आणि त्या दाराच्या चौकटीला टेकून उजवा गुडघा चोळत होत्या. म्हणाल्या, "आज बेचाळीस झाले. गुडघा धरला म्हणून उठले, नाहीतर पन्नासला काही मरण नव्हतं."

मी म्हटलं, "त्या बेचाळिसांना होतं की."

यावर त्या इतक्या हसल्या, की थोडी साखर पायरीवर सांडली. तीही त्यांनी चिमटीनं गोळा केली. बाई अशी, की पायरीवर सांडलेली साखर तशीच टाकून जाणं तिच्या स्वभावात नाही.

सिस्टर म्हणजे दवाखान्यातल्या सिस्टर. दोन गल्ल्या सोडून लहान मुलांचा दवाखाना आहे, तिथे त्या एकतीस वर्षं इंजेक्शनं देतायत. आमच्या भागातला प्रत्येक दंड कधी ना कधी त्यांच्या हाताखालून गेलेला आहे. माझ्या दोन्ही मुलींचे गेले. आता त्या मुली मोठ्या होऊन मला उलट उत्तरं देतात, पण सिस्टर जिन्यात भेटल्या की आपोआप बाही सावरतात. सिस्टरचा हात हलका अशी ख्याती. लसीची बाटली आधी तळहातात धरून कोमट करायची, मुलाला भिंतीवरच्या हत्तीचे पाय मोजायला लावायचं, आणि पोर तिसऱ्या पायावर असतानाच म्हणायचं, "मुंगी चावल्यासारखं वाटेल हं... झालं! पुढचा."

त्यांचे यजमान जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. सगळे त्यांना मोजणीकाका म्हणतात. निवृत्तीनंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वतःचं घर मोजलं आणि बैठकीच्या खोलीचा एक कोपरा नव्वद अंशांचा नाही हे शोधून काढलं. तेव्हापासून त्या कोपऱ्याकडे ते पाठ करून बसतात.

तर एकतीस वर्षं सिरिंजचा दट्ट्या दाबून दाबून सिस्टरचा उजवा अंगठा आखडला. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी एक रबरी चेंडू दिला आणि म्हणाल्या, रोज दाबा. सिस्टरनी दोन दिवस दाबला. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "ह्या चेंडूला काही होत नाही आणि मलाही काही होत नाही. आम्ही दोघं नुसतेच एकमेकांकडे बघत बसतो."

त्यांची मुलगी परगावी नोकरी करते. ती सुट्टीला आली होती, तिनं आपला जुना गेमचा डबा टीव्हीला जोडला, कंट्रोलर आईच्या हातात दिला आणि म्हणाली, "आई, ह्यानं अंगठा मोकळा होईल बघ."

पहिला गेम मोटारींच्या शर्यतीचा होता. सिस्टर प्रत्येक वळणावर थांबून मागच्या गाड्यांना आधी जाऊ देत. शर्यत संपून, बक्षीस वाटून, लोक घरी गेले तरी ह्यांची गाडी दुसऱ्या फेरीतच. मग मुलीनं कंटाळून युद्धाचा गेम लावला. सिस्टर म्हणाल्या, "शी! माणसं मारायची? मला नाही जमायचं." पण त्या गेमच्या पहिल्याच पातळीत शत्रूनं एका इस्पितळाचा ताबा घेतलेला होता. लोखंडी टोपी घातलेला एक आडदांड शिपाई खाटांच्या मधून धप धप चालत गेला.

सिस्टर पुढे सरकून बसल्या. "बूट घालून? वॉर्डात?"

एवढंच त्यांचं शेवटचं शांततेचं वाक्य.

महिन्याभरात अंगठा लोण्यासारखा मऊ झाला. दुपारची पाळी संपली, चहा झाला, की पाच ते सहा सिस्टर युद्धावर. खाली माझ्या छतातून धडाधड गोळ्यांचा आवाज आणि मधूनमधून सिस्टरचा आवाज. मी घरी बसून छापायच्या पुस्तकांतल्या चुका तपासते, त्यामुळे मला सगळं नीट ऐकू यायचं. त्या शत्रूशी बोलत. आणि बोलत कशा, तर अगदी दवाखान्यातल्यासारख्या. "हं, हलायचं नाही. शहाणा ना तू? तिकडे बघ, तिकडे... मुंगी चावल्यासारखं वाटेल हं." धाड! "झालं! पुढचा."

मोजणीकाकांना गेममध्ये गती नव्हती, पण त्या गावाचा नकाशा नाही हे त्यांना सहन होईना. ते चौकटीच्या कागदावर नकाशा काढायला बसले. "अगं, जरा त्या गोदामाला एक फेरी मार. मला लांबी हवी आहे." सिस्टर गोळ्या चुकवत गोदामाला फेरी मारत, आणि काका पावलं मोजत.

इथपर्यंत कुणाचंच काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते एका मंगळवारी.

मंगळवार हा लसीचा वार. बाकावर चार पोरं आयांच्या मांडीवर ओळीनं बसलेली. पहिलीला सिस्टरनी लस टोचली, कापसाचा बोळा लावला, सिरिंज डब्यात टाकली. मग त्यांनी कंबरेवर हात ठेवून बाकाकडे पाहिलं आणि शांतपणे, समाधानानं त्या म्हणाल्या, "एक गेला. राहिले तीन. मागच्या दारानं कुणी निसटता कामा नये."

बाकावरच्या तीन आयांनी आपापली पोरं एकदम छातीशी धरली.

त्यातली एक बाई पडद्यांच्या दुकानाची मालकीण होती. तिला सगळे पडदेवाली म्हणतात. बोलायला सडेतोड, आणि मुलीच्या बाबतीत तर वाघीणच. तिनं विचारलं, "सिस्टर, काय म्हणालात तुम्ही?"

खोटं बोलणं सिस्टरच्या रक्तातच नाही. त्या गोऱ्यामोऱ्या होऊन म्हणाल्या, "अहो, काही नाही हो! काल इस्पितळाच्या मागच्या दारातून तिघे निसटले ना माझ्या हातून. तेच डोक्यात घोळत होतं."

खुलासा केल्यानं गोष्टी नेहमी सुधारतातच असं नाही.

मग गेमचं सांगावं लागलं. आयांचा फोनवर एक ग्रुप आहे, त्यात दुपारी मजकूर आला, 'दवाखान्यातल्या सिस्टर मारामारीचे गेम खेळतात.' चहाच्या वेळेला तो 'सिस्टर बंदूक चालवतात' असा झाला. जेवणं होईपर्यंत 'सिस्टर पूर्वी सैन्यात होत्या, फार कडक वागल्या म्हणून तिथून काढलं' इथवर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या इमारतीच्या रखवालदारानं सिस्टरना टाचा जुळवून सलाम ठोकला. बिचाऱ्या इतक्या गोंधळल्या, की त्यांनीही ठोकला. ते पाहून उरलीसुरली शंकाही फिटली.

पडदेवाली डॉक्टरांकडे गेली. हे डॉक्टर स्वभावानं भित्रे, भांडण दिसलं की चष्मा पुसायला घेणारे, पण आकडे म्हटलं की त्यांच्या अंगात बळ येतं.

"डॉक्टर, मारामारीचे गेम खेळून माणसं हिंसक होतात हे सिद्ध झालंय," पडदेवाली म्हणाली. "मी वाचलंय."

कोपऱ्यात गोळ्यांच्या पुड्या बांधणारे कंपाउंडरकाका म्हणाले, "मी वाचलंय की तसं काही होत नाही."

"तुम्ही कुठे वाचलंत?"

"तुम्ही वाचलंत तिथेच. पुढच्या पानावर."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. पुसता पुसता त्यांचे डोळे चमकले. "दोघंही बरोबर असाल. छापून दोन्ही आलेलं आहे. पण इथे आपल्याला ह्या एका सिस्टरचा प्रश्न आहे, तर आपण ह्या एका सिस्टरनाच मोजू." आणि त्यांनी एक कोरी वही काढली. पहिला आठवडा सिस्टरनी गेमला हात लावायचा नाही. दुसरा आठवडा रोज सकाळी तासभर मनसोक्त लढून मगच कामावर यायचं. प्रत्येक मुलापुढे कंपाउंडरकाकांनी खूण करायची. रकाने पाडले ते असे: शांत, मुसमुस, रडणं आणि भोंगा. मागाहून 'चावा' असा एक रकाना वाढवला, कारण काही मुलं सिस्टरना चावतात. त्या हिंसेबद्दल आजवर कुणी तक्रार केलेली नव्हती.

सिस्टरना हे लागलं. एकतीस वर्षांत त्यांच्या हाताला कुणी वहीत घातलं नव्हतं. पण त्या म्हणाल्या, "ठीक आहे. खेळून आल्यावर पोरं जास्त रडतात असं निघालं, तर डबा मुलीला परत पाठवीन. आणि नाही निघालं तर?"

"तर काही नाही," डॉक्टर म्हणाले.

"मग ह्यात माझा काय फायदा?"

"विज्ञानात फायदा नसतो, सिस्टर."

ह्याच मुहूर्तावर सिस्टरच्या नणंदबाई मुक्कामाला आल्या. स्वतःच्या न्हाणीघरात घसरून त्यांनी पाय मोडून घेतला होता. गुडघ्यापर्यंत प्लास्टर. पडून राहून रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून रोज पोटात एक इंजेक्शन घ्यायचं होतं, आणि घरातच सिस्टर असताना बाहेरून माणूस कशाला बोलवायचं, म्हणून मोजणीकाका धाकट्या बहिणीला घेऊन आले. नणंदबाईंना दोन नाद: एक, हातात येईल ते वाचणं. दोन, वाचलेल्याची धास्ती घेणं. गेमचं सगळं प्रकरण त्यांना पहिल्याच दिवशी कळलं आणि दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या सुऱ्या नाहीशा झाल्या.

सिस्टर दुपारी दमून आल्या. ह्या खणात बघ, त्या खणात बघ. शेवटी खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "वन्सं, सुरी कुठंय?"

नणंदबाईंनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. "कशाला हवीय, वहिनी?"

"काकडी चिरायचीय."

"काकडीच ना?"

"मग काय, कलिंगड?"

"नाही, आपलं विचारलं. अख्खीच खाऊ ना आपण. अख्खी चांगली लागते."

त्या दिवशी तिघांनी तीन अख्ख्या काकड्या कडकड चावून खाल्ल्या. सुऱ्या, कात्री, किसणी आणि का कोण जाणे, बाटलीची झाकणं उघडायचा चिमटा, हे सगळं नणंदबाईंच्या उशाखाली होतं. त्यामुळे त्यांची मान आखडली आणि मानेसाठी वेगळी गोळी सुरू करावी लागली.

इंजेक्शनाचं तर विचारूच नका. ज्या वहिनीची धास्ती, तिच्याचकडून रोज सुई टोचून घ्यायची. "वहिनी, तुझं मन शांत आहे ना आज?" असं रोज विचारून झाल्याशिवाय पोटावरचं कापड वर सरकायचं नाही. आणि दुसऱ्या आठवड्यासाठी त्यांनी आधीच अट घालून ठेवली: टोचायचं ते गेमच्या आधी. नंतर मुळीच नाही.

पहिल्या आठवड्यात, गेम बंद असताना, सिस्टर घरात अस्वस्थ फिरायच्या. अंगठा पुन्हा आखडायला लागला. एकदा भांडी पुसताना त्या मोजणीकाकांना म्हणाल्या, "अहो, एक विचारू? हसू नका."

"विचार."

"मला त्या गेममध्ये मजा येते. नेम लागला ना, की आतून कसं गार वाटतं. चांगल्या बाईला असं वाटावं का? मी आपली म्हणते, अंगठ्यासाठी खेळते. पण आता अंगठा दुखतोय म्हणून मला बरं वाटतंय, कारण खेळायला कारण आहे. हे काही बरं लक्षण नव्हे."

काकांनी थोडा विचार केला. "खऱ्या आयुष्यात तुला कुणाला मारावंसं वाटतं का?"

सिस्टर प्रामाणिक बाई. त्यांनी ताट पुसत पुसत सगळी ओळखीची माणसं मनात फिरून पाहिली. बराच वेळ लागला. काका जरा घाबरलेच.

"एक आहे," सिस्टर म्हणाल्या.

"कोण?"

"तुम्ही. ओला टॉवेल गादीवर टाकता तेव्हा."

"अगं!"

"पण ते लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून आहे. तेव्हा कुठे होता हा गेम?"

काकांचा जीव भांड्यात पडला. "मग ते जुनं झालं. ह्या मोजणीत धरायचं नाही." आणि ते उठून गादीवरचा टॉवेल दोरीवर टाकून आले. सिस्टरनी हे मला सांगितलं तेव्हा त्या हसत होत्या, पण मधेच थांबून म्हणाल्या, "तरी पण बघा ना, एकतीस वर्षं मी पोरांना रडवतेच आहे की. कुणी बंदी नाही घातली. तिथे मला कधी मजा नाही आली. उलट पहिली दोन वर्षं मी घरी येऊन रडायची." हे मला आधी माहीत नव्हतं.

दुसरा आठवडा लागला. सकाळी सात ते आठ युद्ध, मग कामावर. इंजेक्शन युद्धाच्या आधी, ठरल्याप्रमाणे. पण गुरुवारी पाणी उशिरा आलं, सगळीच घाई झाली, आणि सिस्टर इंजेक्शन विसरून थेट इस्पितळाच्या तिसऱ्या मजल्यावर घुसल्या. नणंदबाई प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून बैठकीत बसलेल्या. डोळ्यांसमोर वर्तमानपत्र धरलेलं, पण वर्तमानपत्राच्या वरच्या कडेवर दोन डोळे.

"वहिनी," त्या अचानक कुजबुजल्या, "खिडकीत आहे एक."

"कुठल्या?"

"डावीकडच्या! अगं डावी, डावी! तुझी डावी कुठली? हां! मार! मेला टपून बसला होता!"

धाड.

"अजून एक! कपाटामागे! दादा, तुझ्या नकाशात कपाट नाही का रे?"

"फर्निचर आम्ही दाखवत नाही," मोजणीकाका दुखावून म्हणाले.

आठ वाजता सिस्टरना इंजेक्शन आठवलं. त्यांनी खेळ थांबवला नाही, कंट्रोलर सरळ नणंदेच्या हातात दिला. "हे दाबून धरा, मी लपलेली आहे, नुसतं लपून राहायचं." नणंदबाई श्वास रोखून लपल्या. सिस्टरनी हात धुतले, सिरिंज भरली, पोट पुसलं, टोचलं, बोळा लावला.

"झालं."

"काय झालं?"

"इंजेक्शन."

"असू दे गं! तो जिन्यावर आलाय, बघ ना!"

त्या दिवशी दुपारी घरात काकडीच्या चकत्या झाल्या.

शनिवारी सकाळी डॉक्टरांनी वही उघडली. पहिल्या आठवड्यात अडतीस मुलं, अकरा भोंगे. दुसऱ्या आठवड्यात एकेचाळीस मुलं, भोंगे फक्त सहा. डॉक्टर हर्षभरित झाले. गेम खेळल्यानं हात हलका होतो की काय! त्यांनी वरच्या डॉक्टरांच्या मंडळाला पत्र लिहायला कागदसुद्धा घेतला. मग त्यांचं लक्ष दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारकडे गेलं. बुधवारी अकरा मुलं आणि अकराही 'शांत'.

"कंपाउंडरकाका, बुधवारी एकही मूल रडलं नाही?"

"नाही."

"एकही?"

कंपाउंडरकाकांनी कानामागे हात नेला. "बुधवारी माझ्या कानाच्या मशिनची बॅटरी संपली होती."

डॉक्टरांनी कागद परत ठेवला. पुढे आणखी निघालं, की पहिल्या आठवड्यात एका पोरानं इतका भोंगा लावला, की सुई न टोचलेली पाच पोरंही त्याच्या साथीला लागली, आणि काकांनी तीही धरली होती. शिवाय अंगठा आखडला तोही पहिल्याच आठवड्यात, म्हणजे हात जड झाला असेल तर तो गेम बंद असल्यानं की अंगठ्याच्या दुखण्यानं, हे कोण सांगणार? डॉक्टर डोकं धरून बसले.

"मग ह्यातून निघतं काय?" सिस्टरनी विचारलं.

"ह्यातून असं निघतं," डॉक्टर हळूच म्हणाले, "की मुलांना इंजेक्शन आवडत नाही."

हा निष्कर्ष पडदेवालीला पटणं शक्यच नव्हतं. तिनं त्याच दिवशी आपल्या नवऱ्याला पाठवलं. "जा, आणि डॉक्टरांना ठणकावून सांगा. ह्या हिंसक बाईला मुलांपासून दूर ठेवा म्हणावं."

हा पडदेवाला म्हणजे गरीब गाय. कापड फाडताना टर्र असा आवाज होतो, म्हणून कात्रीनं हळू कापणारा. कुठला गेम त्यानं जन्मात खेळला नसेल. तो आला, नंबर घेतला, एकोणीस. बूट बाहेर काढून बाकाच्या टोकाशी एका लाकडी स्टुलावर बसला. एक तास गेला. सतरा नंबर झाला. मग एक गृहस्थ "फक्त एक मिनिट हं" म्हणून आत शिरले आणि वीस मिनिटांनी बाहेर आले. मग एक बाई "फक्त रिपोर्ट दाखवायचाय" म्हणून. मग अठरा नंबरवाले गेले. पडदेवाला उठून उभा राहिला, सदरा नीट केला, आणि इतक्यात तिसरा एक जण त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "भाऊसाहेब, फक्त अर्धं मिनिट."

त्यानंतर काय झालं ते तिथे असलेल्या सगळ्यांनी मला वेगवेगळं सांगितलं, पण स्टूल हवेत गेलं ह्यावर एकमत आहे. पडदेवाल्यानं ते दोन्ही हातांनी डोक्यावर उचललं आणि ओरडला, "इथे माणसं बसलीयत का भोपळे!" वर पंखा चालू होता. पंख्याचं पातं स्टुलाच्या पायाला ठाण्णकन लागलं, स्टूल गिरकी घेऊन तिरकं झालं आणि त्याचा बाहेर आलेला खिळा पडदेवाल्याच्या दंडावरून कर्रकन गेला. तरी त्यानं स्टूल सोडलं नाही. अर्ध्या मिनिटवाला बाकाखाली गेला होता. रडणारी सगळी पोरं गप्प झाली होती आणि मोठ्या कौतुकानं बघत होती.

आतून सिस्टर आल्या. हातात ट्रे.

सगळे मागे सरकले. सैन्यातून काढलेल्या बाई! आता काय होतंय!

सिस्टरनी त्याच्याकडे, चार वर्षांच्या पोराकडे बघावं तसं पाहिलं. "स्टूल खाली."

स्टूल खाली आलं.

"बसा त्याच्यावर."

तो बसला.

"बाही वर."

त्यानं बाही वर केली. डॉक्टर दारातून डोकावले, त्यांनी आधी चष्मा पुसला, मग दंड पाहिला, गंजका खिळा पाहिला, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं ते विचारलं. पडदेवाल्याला आठवेना. "मग द्यायला हवं," डॉक्टर म्हणाले. "चालेल ना?" पडदेवाल्यानं मान हलवली. सिस्टर म्हणाल्या, "तिकडे बघा. हत्तीला पाय किती?"

"चार," तो अगदी बारीक आवाजात म्हणाला.

"नीट मोजा."

दुसऱ्या पायावर असतानाच झालं. कंपाउंडरकाकांनी सवयीनं वहीत नोंद केली: 'वय त्रेचाळीस. मुसमुस.' लहान मुलांना नंतर शर्टावर एक चकचकीत चांदणी चिकटवतात. पडदेवाला निघता निघता घुटमळला, तेव्हा सिस्टरच्या लक्षात आलं आणि त्यालाही एक चिकटवली. तो अर्ध्या मिनिटवाल्याची माफी मागून घरी गेला.

दारातच बायकोनं विचारलं, "ठणकावून सांगितलंत का?"

"हात फार हलका आहे गं त्यांचा," तो म्हणाला.

पडदेवालीनं चांदणीकडे पाहिलं, पट्टी बांधलेल्या दंडाकडे पाहिलं, आणि स्टुलाची हकिगत तिला ग्रुपवरून कळली तेव्हा तिनं ग्रुपवर पडद्यांवर सूट असल्याचं लिहिलं. पुढच्या लसीला मुलीला घेऊन ती आली ती सिस्टरकडेच. दवाखान्याच्या खिडकीला नवे पडदे आले, पिवळे, बदकांचे. डॉक्टरांनी वही कपाटात टाकली. गेममुळे हिंसा वाढते का ह्यावर जगात अजून वाद चालू आहे म्हणतात. दवाखान्यात वाट बघून ती वाढते का, ह्यावर मात्र कुणीही वही काढल्याचं ऐकिवात नाही.

नणंदबाईंचं प्लास्टर निघालं तरी त्या आणखी दहा दिवस राहिल्या. शेवटची पातळी बाकी होती. ती झाली, इस्पितळ सुटलं, शत्रूचा सेनापती पकडला गेला. सिस्टरनी त्याला बूट काढायला लावता येतात का ते पुष्कळ बटणं दाबून पाहिलं. नाही येत.

युद्ध संपल्यावर मुलीनं फोन केला. "आई, एवढं झालं ना त्या मारामारीवरून, तर आता एक शांत गेम पाठवते. नदी आहे, काठावर बसायचं आणि मासे पकडायचे. बस्. पाखरांचे आवाज वगैरे आहेत."

परवाचीच गोष्ट. मी तपासायचे कागद घेऊन बसले होते. छतातून पाण्याचा खळखळाट येत होता, मधूनच एखादं पाखरू. आमचं घर कसं प्रसन्न झालं होतं. आणि एकदम वरून धपकन काहीतरी आपटल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ सिस्टरच्या तोंडून एक शब्द आला. तो मी इथे लिहीत नाही. इतकी वर्षं एका जिन्यानं ये-जा करतो आम्ही, पण तो शब्द सिस्टरना येतो हे मला ठाऊक नव्हतं.

मी धावत वर गेले. सिस्टर उभ्या होत्या. अंबाडा सुटलेला, चेहरा लालबुंद. सोफ्यावरची उशी भिरकावलेली, ती कपाटावर जाऊन पडली होती. टीव्हीवर नदी संथ वाहत होती.

"सोडलं मेल्यानं!" त्या मला बघून ओरडल्या. "पाऊण तास बसलेय! तिसऱ्यांदा चावून सोडलं! खायचं तर खा ना, मुडद्या! ती दोरी आहे का गंमत?" आणि दुसरी उशी गेली.

मोजणीकाका दाराशी पायात चपला घालून, बाहेर पडायच्या तयारीत उभे होते. मला हळू आवाजात म्हणाले, "तीन दिवस असंच चाललंय." मग धीर करून बायकोला म्हणाले, "अगं, मी काय म्हणतो, ते युद्ध लावू या का परत?"

"गप्प बसा हो!" सिस्टर खाली बसत, पडद्यावरची नजर न हलवता म्हणाल्या. "दोरी हललीय."